भिंगरीच्या गालावर तीळ नव्हता

मी एक जुनं झेरॉक्स मशीन आहे, मित्रांनो. दुसऱ्याचं आहे तेच पुन्हा काढून देणं, हा माझा जन्मभराचा धंदा. स्वतःच्या मनाचं एक अक्षरही मी कधी काढलं नाही. लोक म्हणतात, याला काय कळतंय, पुढ्यात ठेवलं ते ओकतं, झालं. बरोबरच आहे. पण एका पोरीच्या बाबतीत मी पुढ्यात नसलेलंही काढलं. एक काळा ठिपका, तिळाएवढा. तो मी तिच्या गालावर ठेवला. त्या ठिपक्यानं काय केलं, ते सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका दिवसात माझ्यासारखी तीनशे भावंडं पट्ट्यावरून सरकत होती, त्यामुळे कौतुक करायला कुणाला सवड नव्हती. पाठीवर नंबर चिकटवला आणि खोक्यात घातलं. पहिली काही वर्षं एका थंडगार कचेरीत गेली. तिथे काम कमी आणि माझ्या डोक्यावर चहाचे कपच जास्त. पुढे नवं मशीन आलं, मी अडगळीत पडलो, आणि तिथून काकांनी मला उचलून आणलं.

काकांचं दुकान म्हणजे दोन पावलं रुंद आणि पाच पावलं लांब. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे पोलीस ठाणं आणि त्याला लागूनच कोर्ट. त्यामुळे रडणारी आणि भांडणारी, दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं आपल्या पायांनी आमच्याकडे येत. काका माणूस भारी नेटका. कागद माझ्या काचेच्या कोपऱ्यातल्या बाणाला टेकलाच पाहिजे, केसभरही इकडेतिकडे नाही. काकू म्हणायच्या, "लग्नात माझ्या शेजारी उभे राहिले, तेव्हासुद्धा आधी कड जुळवून घेतली होती यांनी." काका यावर हसत नसत. खरंच घेतली असावी.

एकदा एका घाईतल्या वकिलानं पिना न काढताच फाइल माझ्या काचेवर आपटली आणि बारीकसा टवका उडाला. तेव्हापासून प्रत्येक प्रतीवर, नेमक्या त्याच जागी, एक काळा ठिपका उमटायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, "पुसून जाणार नाही हे. अख्खी काच बदलावी लागेल." काकांनी दोन-चार प्रती उजेडात धरून पाहिल्या. ठिपका समासात येत होता. "समासात आहे ना? मग कुणाच्या डोळ्यात खुपतोय? राहू दे," असं म्हणून त्यांनी झाकण लावलं. एवढा नेटका माणूस, पण इथे चुकला.

दुकानाच्या बाजूला पत्र्याच्या आडोशाखाली इस्त्रीवालीचं टेबल होतं. चोराला सोडवणाऱ्या वकिलाचा कोट आणि चोराला पकडणाऱ्या शिपायाचा शर्ट ती एकाच टेबलावर, एकाच इस्त्रीनं कडक करायची. तिची एकुलती एक लेक म्हणजे भिंगरी. शाळेच्या दाखल्यावर तिचं खरं नाव होतं, मी ते कित्येकदा छापलं, पण त्या नावानं तिला कधी कुणी हाक मारली नाही. पाय एका जागी ठरतच नसे तिचा. आईला धुतलेले कपडे आणून दे, वकिलांना पोचते कर, आणि मधेच आमच्या दुकानात शिरून पंख्याखाली उभी राहा. काकांची पाठ वळली की ती माझं झाकण उचलायची, काचेवर तळहात ठेवायची आणि बटण दाबायची. लहानपणी मनगटावर बसलेला इस्त्रीचा चटकासुद्धा त्या कागदावर उमटायचा.

"काका, बघा, माझं भविष्य निघालं!"

"भविष्य नाही, माझा कागद निघाला. ठेव तो इकडे," असं म्हणत काका डोळे वटारायचे. पण तिनं सोळाव्या वर्षात पाऊल टाकलं, त्या दिवशी त्यांनी आपणहून माझं झाकण उघडून दिलं होतं.

त्याच वर्षी गल्लीत एक चष्मेवाली बाई आली. आवाज मऊ, साडी साधी, हातात फायलींची पिशवी. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात मदतनीस मुली हव्यात, राहणं-खाणं तिथेच, वर्षभर काम शिकायचं आणि मग पुढचं शिक्षण, असं तिनं घरोघर सांगितलं. पाच मुली तयार झाल्या. पाचही जणींचे दाखले, फोटो आणि अर्ज माझ्याच काचेवर आले. मी इमानेइतबारे दोन-दोन प्रती काढल्या. काकांनी पिना मारून दिल्या आणि "मन लावून शिका गं," असा आशीर्वादही दिला. बाई म्हणाली, "मूळ कागद माझ्याजवळच राहू देत, पोरींच्या हातून हरवतील." मित्रांनो, माणसं विकणारी माणसं सुरा घेऊन येत नाहीत. ती नीट भरलेले अर्ज घेऊन येतात. भिंगरी गाडीत बसली तेव्हा आईकडे बघून हात हलवत होती, आणि आई हातातला कोट खाली ठेवून कौतुकानं बघत होती.

वीस दिवस फोन आले. मग थांबले. दिलेल्या पत्त्यावर दवाखाना नव्हता, बाईचा नंबर लागत नव्हता. इस्त्रीवाली समोरच्या ठाण्यात गेली, तर तिथला लेखनिक म्हणाला, "वयात आलेली पोर आहे, गेली असेल कुणाबरोबर. येईल परत." गल्लीतही तेच. पोरीला एवढी मोकळीक दिलीच कशाला, असं तिच्या तोंडावर बोलणारे होते. बाकीच्या चार आया तर गप्पच बसल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाल्या. पोरी परत आल्या आणि बोभाटा झालेला असला, तर त्यांचं पुढे कसं व्हायचं?

इस्त्रीवालीनं मूठ झाकली नाही. पदराच्या गाठीतून भिंगरीचा पासपोर्ट आकाराचा फोटो काढून ती दुकानात आली. काकांनी सवयीप्रमाणे तो कोपऱ्यातल्या बाणाला टेकवला आणि मोठा केला. फोटो लहान, त्यामुळे माझा ठिपका समासात पडला नाही. तो बरोबर उजव्या गालावर पडला, आणि चेहऱ्याबरोबर तोही मोठा झाला.

पहिली प्रत हातात घेऊन इस्त्रीवाली बराच वेळ बघत राहिली. मग बोटानं गाल पुसायला लागली. "काका, इथं काहीतरी लागलंय बघा."

"काच जुनी आहे, ताई. एवढ्याशा ठिपक्यानं काय होतंय? चेहरा तर दिसतोय ना?"

चेहरा दिसत होता. काकांनी सुबक अक्षरात खाली मजकूर लिहिला, दुकानाचा फोन नंबर घातला आणि मी दोनशे प्रती काढल्या. एक प्रत ठाण्यात गेली. लेखनिकानं ती समोर ठेवून तक्रार लिहिली. 'ओळखीची खूण' या रकान्यापाशी आई रडत होती, म्हणून तिला विचारण्याऐवजी त्यानं पोस्टरकडेच बघितलं आणि लिहिलं, 'उजव्या गालावर तीळ'. मूळ फोटो त्यानं फाइलला टाचला आणि फाइल वरच्या कार्यालयात पाठवून दिली. आईनं सही केली. तिला ते कुणी वाचून दाखवलं नाही.

दोनशे पोस्टरांचं काय झालं, ते मला दारातूनच दिसत होतं. भिंतींवर शिकवणीच्या जाहिराती त्यांच्यावर चढल्या. औषधाच्या दुकानदारानं आपल्या भिंतीवरचं पोस्टर खरवडून काढलं, कारण तिथे उभं राहून बाया रडतात आणि गिऱ्हाईक बिचकतं. फळवाल्यानं एकात सहा केळी बांधून दिली. इस्त्रीवाली मात्र दर आठवड्याला पुन्हा यायची आणि बस थांब्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या कंडक्टरांना हात जोडून कागद द्यायची.

आठ महिने झाले. मग एका सकाळी बातमी आली. हमरस्त्याच्या कडेला, भर उन्हात उभ्या असलेल्या एका बंद ट्रकमध्ये पाच मुली सापडल्या. दाराला बाहेरून कुलूप होतं. आत हवा नव्हती. एका गावात विकून दुसऱ्या गावात विकायला नेत होते त्यांना. चालक पळून गेला होता. पाचांतली एकही वाचली नव्हती.

आणि मग, मित्रांनो, सगळा गाव रडला. खोटं नाही सांगत, खरंच रडला. मला त्यांच्या रडण्याची थट्टा करायची नाही. पण बाकीच्या चौघींचा चेहरा कुणी कधी पाहिलेलाच नव्हता. भिंतीवर चेहरा होता तो एकट्या भिंगरीचा. वर्तमानपत्रांनी तोच छापला. उरलीसुरली पोस्टरं लोकांनी सोलून आणली आणि आमच्या दुकानासमोर रांग लागली. "काका, शंभर द्या." "काका, आमच्या शाळेला पाचशे." औषधाचा दुकानदार डोळे पुसत म्हणाला, "लेकीसारखी होती हो." दोन दिवस मी एक क्षण थंड झालो नाही. काकू पुठ्ठ्यानं मला वारा घालत होत्या. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालं, "जुनं आहे, पण दणकट आहे हं मशीन!" एवढी शाबासकी मला जन्मात मिळाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी भिंगरीसाठी मोर्चा निघाला. कॉलेजच्या मुली आमच्या दुकानाच्या काचेत बघून एकमेकींच्या उजव्या गालावर काळा ठिपका काढत होत्या. 'आम्ही सगळ्या भिंगरी' असं त्यांच्या फलकांवर होतं. हां हां म्हणता रस्ता भरला. शेकडो गाल आणि प्रत्येक गालावर माझ्या काचेचा टवका.

त्याच गर्दीतून उलट्या दिशेनं इस्त्रीवाली येत होती. सकाळी तिला ओळख पटवायला नेलं होतं. एका मुलीनं तिला अडवून तिच्या हातात भिंगरीचा कागद दिला. "मावशी, धरा ना हा. आज सगळ्यांनी आलं पाहिजे." ती आई आहे, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. इस्त्रीवालीनं कागद घेतला आणि दुकानाच्या पायरीवर येऊन बसली.

"काका, ते म्हणतात, ही तुमची नव्हे."

काका हातातलं काम सोडून पुढे आले.

"बाकीच्या चौघींना दिलं ज्याच्या त्याच्या घरी. माझीला देत नाहीत. मी मनगट दाखवलं, काका. चटका दाखवला. माझ्याच इस्त्रीचा चटका, मला कळणार नाही? तर म्हणाले, रिपोर्टात चटका नाही, तीळ आहे. खाली तुमची सही आहे. तिला तीळ कधी होता हो? म्हणतात, फोटोची फाइल वरून यायची आहे. रक्त तपासायचं म्हटलं तर दोन महिने. तोवर ती बेवारस म्हणून तिथंच."

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं हे ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगं, मग चांगलंच आहे की! तुझी जिवंत असेल!"

काकांनी इस्त्रीवालीच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण "पाणी देऊ का, ताई?" एवढंच म्हणाले. त्या दिवशी काका भ्याले. मला वाईट वाटलं, पण रागावणारा मी कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी एक उंच माणूस दुकानात आला. खिशातून त्यानं चार घड्यांचं पोस्टर काढलं. "मालक, यावर तुमचा नंबर आहे. मी कंडक्टर आहे. या पोरीच्या घरचं कुणी भेटेल का?"

इस्त्रीवाली टेबलाशीच होती. "मी तिची आई," म्हणत ती दारात येऊन उभी राहिली. कंडक्टरला तिच्याकडे बघवेना. तो माझ्याकडे बघतच बोलायला लागला.

"हे मी गाडीत ड्रायव्हरच्या पाठीमागं लावलं होतं. येता-जाता बघायचो. म्हटलं, कधी दिसली तर ओळखू यावी. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी एक पोरगी पळत येऊन गाडीत चढली. अनवाणी होती. या कागदावर बोट ठेवून म्हणाली, काका, ही मीच आहे, मला घरी न्या." त्यानं पोस्टरवरच्या गालावर बोट ठेवलं. "मी बघितलं हो. नीट बघितलं, दोनदा बघितलं. तिच्या गालावर तीळ नव्हता. मी म्हटलं, पोरी, खोटं कशाला बोलतेस? ती गाल पुढं करून म्हणत होती, मीच आहे, मीच आहे. तेवढ्यात एक चष्मेवाली बाई दोघांना घेऊन आली. म्हणाली, भाची आहे, डोक्यानं अधू आहे, सारखी पळते. ताई, गाडीचं दार मीच उघडून दिलं."

मित्रांनो, ते पोस्टर हजारो माणसांच्या डोळ्यांसमोरून गेलं होतं. नीट बघणारा एकच निघाला, आणि त्यालाच मी फसवलं. समोर जिवंत पोर रडत होती आणि त्यानं विश्वास ठेवला तो माझ्या कागदावर.

काका उठले. त्यांनी माझं झाकण उघडलं. काचेवर काहीच ठेवलं नाही. झाकण लावलं आणि बटण दाबलं. कोरा कागद बाहेर आला, त्यावर एक काळा ठिपका. तो त्यांनी इस्त्रीवालीसमोर धरला.

"हाच तो तीळ, ताई. माझ्या काचेचा. मला माहीत होतं. कालसुद्धा माहीत होतं."

इस्त्रीवालीनं कागद घेतला. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत.

"मी विचारलं होतं, काका," ती म्हणाली.

काका तिथेच स्टुलावर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसून तिघंही रस्ता ओलांडून ठाण्यात गेली. लेखनिक म्हणाला, कोरा कागद हा पुरावा कसा होईल? पण आतून मोठ्या मॅडम बाहेर आल्या, कंडक्टरचं सगळं ऐकून घेतलं आणि स्वतः आमच्या दुकानात आल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं माझं बटण पाच वेळा दाबलं. पाचही वेळा मी त्याच जागी ठिपका दिला. आयुष्यात पहिल्यांदाच मी माझी चूक कबूल करत होतो आणि ती कुणीतरी ऐकत होतं. मॅडम हळूच म्हणाल्या, "काल मोर्चात मीसुद्धा हाच कागद हातात धरला होता." लेखनिकाला बोलावून त्यांनी तो रकाना तिथल्या तिथे खोडायला लावला, 'मनगटावर भाजल्याची खूण' असं लिहून घेतलं आणि खाली सही केली.

भिंगरी त्या संध्याकाळी घरी आली. मोर्चाला रस्ता पुरला नव्हता. भिंगरीला पोचवायला अकरा माणसं होती, त्यांत काका, काकू आणि तो कंडक्टर. लोक आदल्या दिवशी चालून थकले होते, आणि तिचं आधीच झालं असेल असंही पुष्कळांना वाटलं.

पुढच्या आठवड्यात काकांनी माझी काच बदलली. वरातीमागून घोडं. चौकात भिंगरीचा मोठा फलक लागला, त्यावरही तीळ आहे. काका तिथल्या मंडळींना जाऊन सांगून आले. ते म्हणाले, "काका, आता तीच ओळख झालीय. लोकांना तशीच माहीत आहे ती." अजून तो फलक तसाच आहे. इस्त्रीवाली कपडे पोचवायला लांबच्या रस्त्यानं जाते.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. हरवलेल्या पोरीसाठी रडायचं तर जरूर रडा, पण ती जिवंत असताना तिच्याकडे बघा. कागद चुकतो, काच चुकते, रकाना भरणाराही चुकतो. समोर उभं राहून 'ही मीच आहे' असं कुणी म्हणत असेल, तर हातातला कागद बाजूला ठेवा.

हे मी इस्त्रीवालीकडून शिकलो. आता कुणी मुलगी नोकरीचा अर्ज घेऊन दुकानात आली की ती इस्त्री उभी करून ठेवते आणि आत येते. कुठं चाललीस, कुणाबरोबर, त्या माणसाचं घर कुणी बघितलंय का, सगळं विचारते. काका तोवर बटणाला हात लावत नाहीत. काल आलेली मुलगी जरा फटकळ होती. उत्तरं देऊन झाल्यावरही इस्त्रीवाली तिच्या तोंडाकडे बघतच राहिली, कपाळ, भुवया, हनुवटी, दोन्ही गाल.

"मावशी, अशा काय बघताय माझ्याकडं?"

"बघून ठेवते, बाळा," इस्त्रीवाली म्हणाली. "उद्या तू मला हाक मारलीस, तर मला फोटो बघायला लागू नये."